वडशातील उद्योगांसाठी सौर वीज : छत नव्हे, हंगाम मोजा

राईस मिल, आरा गिरणी, पेट्रोल पंप, रुग्णालय, लॉज, बाजारपेठेतले कापड दुकान, असा कोणताही व्यवसाय छतावर सौर वीज बसवू शकतो. मात्र घरासाठीचे नियम, अनुदान आणि हिशेब त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. वडसा, म्हणजे देसाईगंज, आणि वैनगंगेपलीकडच्या ब्रम्हपुरी-नागभीड पट्ट्यात आणखी एक गोष्ट वेगळी आहे. इथले बरेचसे उद्योग धानाच्या हंगामावर चालतात आणि ऊन मात्र बारमाही पडते. या दोन वेळापत्रकांचा मेळ बसला तर सौर यंत्रणा काही वर्षांत आपला खर्च भरून काढते. तो बसला नाही तर छत भरलेले दिसते आणि बिल फारसे हलत नाही.

अनुदान कोणाला आणि कोणाला नाही

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना' फक्त घरगुती वीजजोडणीसाठी आहे. तिचे अनुदान ३ किलोवॅट आणि त्यापुढे कमाल ७८,००० रुपये असून ते दुकानाला, गिरणीला किंवा दवाखान्याला मिळत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना शेतकऱ्याच्या पंपासाठी आहे. तिचाही गिरणीशी संबंध नाही. व्यावसायिक किंवा औद्योगिक जोडणीवर 'केंद्राचे अनुदान मिळवून देतो' असे सांगणाऱ्या एजन्सीशी बोलणे तिथेच थांबवलेले बरे.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे मुख्य रस्त्यावर पुष्कळ आहेत. घराची जोडणी स्वतंत्र असेल तर त्या जोडणीवर अनुदानित यंत्रणा बसवता येते. पण तिची वायर खाली दुकानात ओढणे म्हणजे घरगुती वीज व्यवसायाला वापरणे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार हा अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. वाचवलेले पैसे एका तपासणीत जातात.

व्यवसायाला जे मिळते ते असे :

- घसारा : आयकरात सौर यंत्रणेवर ४० टक्के दराने घसारा मिळतो. त्या आर्थिक वर्षात यंत्रणा १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर त्या वर्षी निम्मा. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने बसवण्यापेक्षा सप्टेंबरच्या आत सुरू झालेली यंत्रणा करासाठी सोयीची. नफाच नसेल तर घसाऱ्याचा लगेच उपयोग नाही, हे विक्रेते सांगत नाहीत.
- जीएसटी : २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवर १२ ऐवजी ५ टक्के दर आहे. उभारणीसह एकत्रित कंत्राट असेल तर ७० टक्के रक्कम वस्तू आणि ३० टक्के सेवा मानली जाते. सेवेवर १८ टक्के लागत असल्याने एकूण भार सुमारे ८.९ टक्के पडतो. कोटेशनमध्ये अजून १३.८ टक्के दिसत असतील तर तो जुना हिशेब आहे. भरलेल्या कराची वजावट मात्र विक्रीवर जीएसटी लागणाऱ्यालाच मिळते. सुटा, लेबल नसलेला तांदूळ विकणाऱ्या गिरणीने ही वजावट गृहीत धरून परतफेड मोजू नये.
- राज्याच्या उद्योग सवलती : गडचिरोली जिल्ह्याला सामूहिक प्रोत्साहन योजनेत विशेष स्थान आहे. नवा उद्योग किंवा विस्तार असेल तर खरेदीची ऑर्डर देण्याआधीच जिल्हा उद्योग केंद्रात विचारणा करावी. पात्रता बहुतेकदा आधीच्या नोंदणीवर ठरते.

लाईन गेली की सौरही बंद

ग्रिडला जोडलेली साधी यंत्रणा वीजपुरवठा खंडित होताच स्वतःहून बंद पडते, मग बाहेर कितीही ऊन असो. हा दोष नसून सुरक्षेची तरतूद आहे. लाईन बंद ठेवून खांबावर काम करणाऱ्या वायरमनकडे छतावरून वीज जाऊ नये यासाठी ती असते. मे महिन्यातल्या वादळात चार तास लाईन गेली तर गिरणीही चार तास बंद राहील. 'सौर लावले म्हणजे जनरेटर विकायचा' हा विचार म्हणूनच घातक.

यावर उपाय आहेत, पण प्रत्येकाला किंमत आहे. बॅटरीसह हायब्रीड यंत्रणा रुग्णालयाचा लसींचा फ्रिज, पेट्रोल पंपाचे वितरण यंत्र किंवा कार्यालयातले संगणक चालवू शकते. तेवढाच आवश्यक भार वेगळ्या वायरिंगवर घेतला तर खर्च आवाक्यात राहतो. राईस मिलच्या मोटरी बॅटरीवर चालवण्याचा विचार सध्या तरी हिशेबात बसत नाही. गिरणीसाठी वेगळा मार्ग असतो. जनरेटर चालू असताना सौर यंत्रणा त्याच्याशी जुळवून घेणारा कंट्रोलर बसवला की डिझेल कमी जळते. पण जनरेटरवर किमान भार, साधारण ३० टक्के, राहिलाच पाहिजे. नाहीतर सौर वीज उलटी जनरेटरमध्ये शिरून त्याचे नुकसान होते. कोटेशनमध्ये हा कंट्रोलर आहे का, हे स्पष्ट विचारावे.

किती किलोवॅट घ्यावे

विदर्भात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे वर्षाला साधारण १,४०० युनिट देते. जुलै-ऑगस्टमध्ये हे बरेच घसरते. उन्हाळ्यातही वाटते तितके वाढत नाही, कारण पॅनेलला प्रकाश मानवतो, उष्णता नाही. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के घटते. नदीपलीकडचे ब्रम्हपुरी देशातल्या सर्वांत तापणाऱ्या ठिकाणांत गणले जाते. तिथल्या मे महिन्यात पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांच्या पुढे सहज जातो. ऊन सौम्य आणि आकाश निरभ्र असलेले फेब्रुवारी-मार्च हेच इथले चांगले महिने.

नियमानुसार यंत्रणेची क्षमता मंजूर भारापेक्षा किंवा करार मागणीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. एजन्सी बहुधा याच कमाल आकड्याचे कोटेशन देते. हंगामी उद्योगासाठी तो आकडा क्वचितच योग्य असतो. पुढचे उदाहरण काल्पनिक आहे, पण हिशेबाची रीत त्यातून कळेल.

समजा, एका राईस मिलचा मंजूर भार ७५ किलोवॅट आहे. खरिपाचे धान आल्यावर नोव्हेंबर ते मार्च ती दिवसपाळीत चालते आणि महिन्याला ११,००० युनिट वापरते. इटियाडोह धरणाच्या पाण्यावरच्या उन्हाळी धानामुळे एप्रिल ते जून थोडे काम असते. त्या महिन्यांत उत्पादन आणि वापर जवळपास सारखे धरू. जुलै ते ऑक्टोबर गिरणी बंद असते.

५० किलोवॅट बसवले तर हंगामात महिन्याला सुमारे ६,००० युनिट तिथेच वापरले जातील आणि उरलेले ५,००० ग्रिडमधून घ्यावे लागतील. पाच महिन्यांत ते २५,००० होतात. बंद असलेल्या चार महिन्यांत सुमारे १९,००० युनिट ग्रिडमध्ये जमा होतील. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट घेतलेल्यातून वजा होणाऱ्या पद्धतीत, हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून पावसाळ्यातली ही शिल्लक त्याच वर्षाच्या हंगामात पूर्ण जिरते. धानाचे वेळापत्रक आणि नेट मीटरचे वर्ष इथे नशिबाने जुळते.

तेच ७५ किलोवॅट बसवले तर? हंगामात महिन्याला ९,००० युनिट तयार होतील आणि ग्रिडमधून फक्त २,००० लागतील, पाच महिन्यांत १०,०००. पावसाळ्यातली जमा मात्र २८,५०० पर्यंत जाईल. उरलेले १८,५०० युनिट वर्षअखेरीस महावितरण राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते. तो दर ग्राहक भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. शेवटच्या २५ किलोवॅटवर घातलेला बराचसा पैसा म्हणजे कमी किमतीत वीज विकण्यासाठी काढलेले कर्ज.

म्हणून कोटेशन मागण्याआधी गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत आणि महिनावार युनिट कागदावर मांडावेत. आधारभूत खरेदीच्या धानाची भरडाई करणाऱ्या गिरण्यांनी एका वर्षाऐवजी तीन वर्षांची बिले घ्यावीत. भरडाईचे आदेश कधी मिळतात यावर गिरणीचे महिने पुढे-मागे सरकतात. रुग्णालय, लॉज किंवा पेट्रोल पंप यांचा वापर बारमाही असल्याने त्यांचे गणित सोपे. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांची कार्यालयेही वडशात आहेत. त्यांचा हंगाम गिरण्यांचाच, पण खेळ रात्रीचे आणि गावोगावचे. कार्यालयातल्या दोन पंख्यांसाठी सौर यंत्रणा न घेतलेलीच बरी.

नेट मीटर, नेट बिलिंग की निर्यातच नको

- नेट मीटरिंग : ग्रिडला दिलेले युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा होतात. हंगामी आणि साप्ताहिक सुट्टी पाळणाऱ्या उद्योगांना हाच मार्ग योग्य.
- नेट बिलिंग : दिलेल्या विजेचे पैसे ठरलेल्या कमी दराने मिळतात आणि घेतलेल्या विजेचे पूर्ण दराने द्यावे लागतात. युनिटला युनिट वजा होत नाही.
- शून्य निर्यात : तयार झालेली वीज आतच वापरायची, बाहेर जाऊ द्यायची नाही. दिवसभर सलग भार असलेल्या उद्योगाने लहान क्षमता घेतली तर हे चालते. चार महिने बंद राहणाऱ्या गिरणीला नाही.

ज्यांच्या बिलात वेळेनुसार दर आहे, त्यांनी एक काळजी घ्यावी. एका वेळपट्टीत तयार झालेली वीज आधी त्याच पट्टीतल्या वापरातून वजा होते. दुपारची शिल्लक संध्याकाळच्या महाग युनिटमधून वजा होईलच असे धरू नये. २०२५ च्या वीजदर आदेशाने औद्योगिक ग्राहकांसाठी दुपारची वीज सवलतीची आणि संध्याकाळची अधिभाराची केली आणि त्या आदेशाचा फेरविचारही झाला. याचा अर्थ दुपारचा एक युनिट वाचवण्याची किंमत पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. जुन्या दरावर काढलेला परतफेडीचा तक्ता दाखवला जात असेल तर ताज्या बिलावरचे पट्टीनिहाय दर देऊन तो पुन्हा काढून घ्यावा.

बिलातला न घटणारा भाग

स्थिर आकार किंवा मागणी आकार सौर विजेने कमी होत नाही. एका ढगाळ दुपारी गिरणीने पूर्ण भार ग्रिडवरून उचलला की त्या महिन्याची कमाल मागणी नोंदली जाते. 'बिल शून्य' हे शब्द औद्योगिक ग्राहकासाठी जाहिरातीपुरतेच.

पॉवर फॅक्टरची बाब याहून बारीक आणि अधिक महाग आहे. सौर इन्व्हर्टर साधारणपणे उपयुक्त वीजच पुरवतो. मोटरींना लागणारी प्रतिघाती वीज ग्रिडमधूनच येत राहते. ग्रिडकडून घेतलेली उपयुक्त वीज घटल्याने मीटरला पॉवर फॅक्टर खराब दिसू लागतो. उच्चदाब ग्राहकांचे बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे प्रतिघाती वीजही धरून, निघत असल्याने याचा थेट फटका बसतो. कपॅसिटर पॅनेल सौर यंत्रणेनंतरच्या स्थितीनुसार बदलून घ्यावे आणि तो खर्च पहिल्याच कोटेशनमध्ये धरावा.

छत, सावली आणि धुरांडे

वडसा सुमारे २०.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड आणि २० अंशांच्या आसपासचा कल सर्वोत्तम. गिरणीच्या पत्र्याचा उतार यापेक्षा कमी असला तरी पॅनेल पत्र्याला समांतर बसवणेच बहुधा शहाणपणाचे. थोडे उत्पादन घटते, पण वाऱ्याचा जोर कमी लागतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पॅनेल बसवू नयेत. पत्रा आधी बदलावा, नाहीतर पाच वर्षांनी पॅनेल उतरवून पुन्हा बसवावे लागतात. शेडचे कैची-पर्लिन हा भार आणि वादळाची उचल पेलतील असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला घ्यावा.

उसना तांदूळ काढणाऱ्या गिरण्यांत धुरांडे हा खास अडथळा आहे. डिसेंबरात दुपारी सूर्य जेमतेम ४६ अंश वर येतो, म्हणून धुरांड्याची सावली उत्तरेला जवळजवळ त्याच्या उंचीइतकी पडते. सकाळ-संध्याकाळी ती आणखी लांबते. हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून असल्याने राख दक्षिण-नैर्ऋत्येला बसते. उत्तरेला सावली, दक्षिणेला राख. धुरांड्यापासून दूरचे गोदामाचे छत उपलब्ध असेल तर थोडी जास्त केबल परवडते. कोंडा आणि भुशाची धूळ दवाने भिजून पॅनेलवर पापुद्रा धरते. हंगामात आठवड्याला एकदा तरी, सकाळी पॅनेल थंड असताना धुवावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर पाणी मारू नये. बोअरचे क्षारयुक्त पाणी पांढरे डाग सोडते, त्यासाठी गाळणीची सोय करावी.

छत धुणाऱ्या माणसाचाही विचार आराखड्यात असावा. पत्र्यांमध्ये बसवलेल्या पारदर्शक शीटवर पाय पडून माणसे खाली कोसळतात. चालण्याची जाळीदार पट्टी आणि दोर अडकवण्याची सोय कोटेशनमध्येच लिहून घ्यावी. तडितरक्षक, सर्ज संरक्षक आणि स्वतंत्र अर्थिंग यांत काटकसर नको. वानरांचा वावर असेल तिथे केबल उघडी न सोडता पाइपमधून न्यावी. इन्व्हर्टर जमिनीलगत बसवू नये. ऑगस्ट २०२० अखेर गोसीखुर्द धरणाच्या विसर्गाने वैनगंगेला आलेला पूर ज्या भिंतींवर खूण सोडून गेला, तिथे तर त्या खुणेच्या बरेच वर. शेजारचे झाड सावली देते म्हणून परस्पर तोडू नये. नगर परिषदेची परवानगी लागते.

स्वतःच्या पैशाने की कंपनीच्या

काही कंपन्या स्वतःच्या खर्चाने यंत्रणा बसवून १५ ते २५ वर्षे ठरलेल्या दराने वीज विकतात. भांडवल अडकत नाही, देखभाल त्यांची. बारमाही चालणाऱ्या रुग्णालयाला हे सोयीचे पडू शकते. गिरणीसाठी त्यातले 'किमान उचल' हे कलम विषारी आहे. गिरणी बंद असली तरी ठरलेल्या युनिटचे पैसे द्यावे लागतात. दरवर्षीची दरवाढ, मधेच यंत्रणा विकत घेण्याची किंमत, छत दुरुस्तीच्या काळातली भरपाई आणि जागा विकल्यास काय, ही चार कलमे वकिलाकडून वाचून घ्यावीत. शेड भाड्याचे असेल तर दोन्ही प्रकारांत मालकाचे लेखी संमतीपत्र आधी घ्यावे.

अर्जाचा क्रम

1. वीजजोडणी व्यवसायाच्या सध्याच्या मालकाच्या नावावर आहे आणि थकबाकी नाही, हे तपासा. वडिलांच्या किंवा जुन्या भागीदाराच्या नावावरची जोडणी हे इथल्या रखडलेल्या अर्जांचे नेहमीचे कारण.
2. किमान तीन एजन्सींकडून एकाच क्षमतेची कोटेशन घ्या. पॅनेल केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त यादीतील असल्याचे लेखी घ्या.
3. महावितरणकडे ऑनलाइन अर्ज करा. जोडणी ज्या डीपीवर आहे तिच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंतच सौर जोडण्या दिल्या जातात. शेजारच्याने आधी अर्ज केला असेल तर जागा उरलेली नसू शकते.
4. तांत्रिक व्यवहार्यतेची मंजुरी हाती आल्यावरच आगाऊ रक्कम द्या.
5. उभारणीनंतर क्षमतेप्रमाणे स्वयंप्रमाणन किंवा विद्युत निरीक्षकांची तपासणी पूर्ण करा.
6. मीटर चाचणी, नेट मीटरिंग करार आणि मीटर बसवणे होईपर्यंत यंत्रणा ग्रिडवर चालू करू नका. काही मीटर बाहेर गेलेले युनिटही वापर म्हणूनच मोजतात, आणि बिल घटण्याऐवजी वाढते.

एजन्सीशी करार

पैसे टप्प्याने द्यावेत आणि किमान दहावा हिस्सा नेट मीटर चालू होईपर्यंत राखून ठेवावा. पॅनेलची २५ वर्षांची हमी ही उत्पादनक्षमतेची असते. वस्तूच्या दोषाची हमी वेगळी आणि कमी वर्षांची, इन्व्हर्टरची त्याहून कमी. हमीपत्रे कंपनीची हवीत, एजन्सीच्या लेटरहेडवरची नकोत. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक बिलावर असावा. बिघाड कळवल्यापासून किती तासांत माणूस येईल आणि न आल्यास काय, हे लिहून घ्यावे. नागपूरहून तंत्रज्ञ यायला लागलेला एक आठवडा हंगामात महाग पडतो. वर्षाला किमान किती युनिट मिळतील याची हमी मागितली की बऱ्याच एजन्सी आवाज उतरवतात. जी लिहून देते तिचे कोटेशन थोडे महाग असले तरी विचारात घ्यावे.

हे करारात असणे गरजेचे आहे, कारण व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूबाबत ग्राहक आयोगाचे दार बहुधा बंद असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ व्यापारी हेतूची खरेदी वगळतो. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला त्यात अपवाद आहे. छोट्या पिठाच्या गिरणीवाल्याला तो मिळू शकतो, मोठ्या राईस मिलला मिळणे कठीण.

महावितरणकडून उशीर झाला तर

वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० आणि त्यातील २०२४ ची दुरुस्ती यांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या पूर्ण अर्जांना व्यवहार्यता अभ्यासाची गरज नाही. त्याहून मोठ्या अर्जांचा अभ्यास १५ दिवसांत व्हायला हवा. मुदतीत उत्तर आले नाही तर प्रस्ताव मान्य झाल्याचे धरले जाते. उभारणीचा दाखला सादर केल्यापासून मीटर बसवून यंत्रणा सुरू करण्यासाठीही १५ दिवस आहेत. सबळ कारणाशिवाय उशीर झाल्यास दिवसाला किमान ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. ती मागायची तर प्रत्येक टप्प्याची पोच हवी. 'साहेबांना सांगितले आहे' याला पुरावा म्हणत नाहीत.

स्थानिक कार्यालयात लेखी तक्रार करून दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे लागते. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांच्या आत नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे अर्ज करता येतो. चुकीची युनिट वजावट, वर्षअखेरची शिल्लक जमा न होणे आणि मीटरला विलंब या तिन्ही बाबी मंचाच्या कक्षेत येतात. तक्रारीसोबत इन्व्हर्टरच्या महिनावार नोंदी, त्या महिन्यांची बिले आणि करार जोडावा. एप्रिलचे बिल हातात आले की ३१ मार्चची शिल्लक त्यात कशी दाखवली आहे ते त्याच दिवशी ताडून पाहावे.